चौकातील दिवा आणि पायी चालणारा माणूस



कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन जेथे एकमेकींना मिळतात, त्या प्रीतिसंगमाच्या काठी कराड नगर वसलेले आहे. दोन प्रवाह समोरून आले तरी पाण्याला थांबावे लागत नाही. ते एकमेकांत मिसळून पुढे वाहू लागते. रस्त्यांच्या बाबतीत मात्र असे होत नाही. दोन रस्ते जेथे मिळतात तेथे कोणाला तरी क्षणभर थांबावेच लागते. कोणी थांबावे, किती वेळ थांबावे आणि कोणासाठी थांबावे, या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम चौकातील दिव्यांकडे सोपविण्यात आले आहे. ही उत्तरे न्याय्य असली तर चौक सुरक्षित राहतो आणि वाहतूकही खोळंबत नाही. ती चुकली तर एका बाजूला वाहनांच्या रांगा वाढतात आणि दुसऱ्या बाजूला पायी चालणाऱ्याच्या जिवावर बेतते.

कराडच्या दृष्टीने हा विषय केवळ शास्त्रीय चर्चेचा नाही. पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि आजचा क्रमांक ४८, या गावाच्या कडेने जातो. गुहागरहून चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत असा विजापूरकडे जाणारा मार्गही येथूनच पुढे जातो. कोकण आणि देश, पुणे आणि कोल्हापूर यांना जोडणारी वाहतूक अशा रीतीने एकाच परिसरात एकत्र येते. कोल्हापूर नाका, दत्त चौक, विजय दिवस चौक, कृष्णा नाका ही नावे कराडकरांच्या तोंडी रोज येतात ती याच कारणाने. कृष्णेपलीकडे विद्यानगरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इतर महाविद्यालये आहेत. तेथे जाणारे विद्यार्थी, एस. टी. स्थानकावर उतरणारे खेडोपाडीचे प्रवासी, मंडईत भाजी घेऊन येणाऱ्या स्त्रिया, न्यायालयात व दवाखान्यात येणारी वृद्ध माणसे, ही सारी मंडळी निदान काही पावले तरी पायीच चालतात. मोटारीतून आलेला गृहस्थसुद्धा मोटार उभी करताच पादचारी होतो, ही साधी गोष्ट वाहतुकीच्या चर्चेत बहुधा विसरली जाते.

दिव्याचा जन्म पादचाऱ्यासाठी

रस्त्यावरील नियंत्रक दिव्याचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. जगातील पहिला असा दिवा १० डिसेंबर १८६८ रोजी लंडन येथे, ब्रिटिश संसदेच्या इमारतीजवळ उभारण्यात आला. जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे अभियंत्याची ती कल्पना होती. त्या काळी मोटारी नव्हत्या; परंतु घोडागाड्यांच्या गर्दीतून संसदेचे सदस्य आणि सामान्य नागरिक यांना रस्ता ओलांडणे धोक्याचे झाले होते. दिवसा खांबावरचे हात वर-खाली होत आणि रात्री गॅसचे लाल व हिरवे दिवे लागत. दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १८६९ मध्ये, गॅसचा स्फोट होऊन ते यंत्र चालविणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग तेथेच थांबला. विजेवर चालणारे दिवे पुढे १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात आले आणि मोटारींच्या संख्येबरोबर जगभर पसरले.

पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून ज्या दिव्याचा जन्म झाला, तो पुढे वाहनांच्या सोयीचे साधन बनला. एका तासात चौकातून किती वाहने निघून गेली यावर त्याचे यश मोजले जाऊ लागले. किती माणसे सुखरूप पलीकडे गेली, हे मोजण्याची प्रथा मागे पडली. आज जगभर जो फेरविचार चालू आहे, तो हा विसर दूर करण्याचा प्रयत्न होय.

आकडे काय सांगतात?

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे मृत्यू पावलेल्या दर पाच जणांत जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता. त्याने कोणतीही गती घेतली नव्हती. तो केवळ चालत होता.

या हानीमागे वेगाचा वाटा मोठा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनासमोर अचानक मूल आले, तर चालकाला धोका जाणवून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तरी ते वाहन चांगल्या कोरड्या रस्त्यावर सुमारे १५ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किलोमीटर वेग असेल तर हेच अंतर सुमारे ३३ मीटर होते. वेग दुप्पटही झालेला नाही, परंतु थांबण्याचे अंतर दुपटीहून अधिक झाले. याउलट, गावातील अर्धा किलोमीटरचा रस्ता ताशी ५० ऐवजी ३० किलोमीटर वेगाने पार केला तर वाहनचालकाचे फक्त २४ सेकंद अधिक जातात. आणि पुढच्या चौकात लाल दिवा असेल तर तेवढेही जात नाहीत. चोवीस सेकंद आणि एक जीव यांचा हा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पादचारी व वाहने एकत्र असलेल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचविली आहे, ती याच कारणासाठी.

दिव्याचे गणित

चौकातील दिवा लावणे म्हणजे खांब उभारून वीज जोडणे नव्हे. त्यामागे एक शास्त्र आहे. हे शास्त्र ज्यांनी प्रथम नीट मांडले त्यांत ब्रिटनच्या रस्ते संशोधन संस्थेतील एफ. व्ही. वेब्स्टर यांचे नाव प्रमुख आहे. त्यांचा १९५८ सालचा निबंध आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. आपल्या देशात या विषयीचे मार्गदर्शक निकष भारतीय रस्ते परिषद ठरविते. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ही परिषद १९३४ साली स्थापन झाली ती बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समितीच्या शिफारशींतून. परिषदेने १९८५ साली वाहतूक दिव्यांविषयी आणि १९८८ साली पादचाऱ्यांच्या सोयींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पादचाऱ्यांविषयीची तत्त्वे पुढे २०१२ आणि २०२२ साली सुधारण्यात आली.

सर्व बाजूंना एकदा हिरवा दिवा मिळून पुन्हा पहिल्या बाजूची पाळी येईपर्यंतच्या काळाला एक आवर्तन म्हणतात. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक बाजूला स्वतंत्र पाळी दिली, तर एका आवर्तनात चार टप्पे होतात. प्रत्येक टप्पा बदलताना वाहने थांबण्यात आणि नव्याने सुटण्यात सुमारे चार सेकंद वाया जातात असे धरू. १२० सेकंदांच्या आवर्तनात असे १६ सेकंद वाया गेले तरी ८७ टक्के वेळ कामी येतो. म्हणूनच वाहतूक वाढली की आवर्तन लांबविण्याकडे कल होतो. परंतु आवर्तन लांबले की त्याची किंमत पादचारी मोजतो. १२० सेकंदांत त्याला ओलांडण्यासाठी १५ सेकंद मिळत असतील, तर चौकात येणाऱ्या पादचाऱ्याला सरासरी ४६ सेकंद ताटकळावे लागते, आणि ज्याचे नशीब खोटे त्याला पावणेदोन मिनिटे. अभ्यासकांचा अनुभव असा, की तीस सेकंदांच्या पुढे माणसाचा धीर सुटू लागतो. तो डावी-उजवी पाहतो आणि लाल दिव्यातच पाऊल टाकतो. त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे; पण ही बेशिस्त काही अंशी दिव्याच्या रचनेनेच निर्माण केलेली असते.

हेच आवर्तन ९० सेकंदांवर आणले, तर पादचाऱ्याची सरासरी प्रतीक्षा ३१ सेकंदांवर येते आणि वाहनांचा उपयुक्त वेळ ८७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर जातो. वाहनांचे नुकसान थोडे आणि पादचाऱ्याचा लाभ मोठा, असा हा व्यवहार आहे. जेथे उजवीकडे वळणारी वाहने कमी आहेत तेथे समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सोडून चारांऐवजी दोनच टप्पे ठेवता येतात. मग एका आवर्तनात आठच सेकंद वाया जातात आणि केवळ ६० सेकंदांच्या आवर्तनातही ८७ टक्के वेळ उपयोगात येतो. वाहनांना पूर्वीइतकाच वेळ, आणि पादचाऱ्याला मात्र दर मिनिटाला वाट. सुरक्षितता आणि गती यांचा झगडा अनेकदा भासतो तितका खरा नसतो, याचे हे एक उदाहरण होय.

रस्ता रुंद, तर वाट लांब

खरा संघर्ष कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. पायी चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. १४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास या वेगाने १२ सेकंद लागतात. पाऊल उचलण्यापूर्वीचे सात सेकंद धरले तर एकूण १९. परंतु गुडघे दुखणारी आजी, कडेवर मूल घेतलेली माता, डोक्यावर पाटी असलेली भाजीवाली, काठीच्या आधाराने चालणारा अंध विद्यार्थी यांचा वेग सेकंदाला ०.९ मीटरच धरला पाहिजे. त्यांना १६ सेकंद लागतात, एकूण २३. निकष तरुणाच्या पायांवरून ठरविला आणि रस्ता वृद्धाने ओलांडला, तर मधल्या चार सेकंदांत तो वाहनांच्या तोंडी सापडतो.

मुख्य रस्ता ओलांडणाऱ्याला वेळ मिळतो तो आडव्या, लहान रस्त्याच्या हिरव्या दिव्यात. लहान रस्त्यावरची वाहने दहा सेकंदांत निघून जात असली, तरी पादचाऱ्यासाठी तो दिवा वीस-तेवीस सेकंद ठेवावा लागतो. मुख्य रस्त्यावरच्या वाहनचालकाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणून मुख्य रस्ता १४ मीटरचा २१ मीटर केला, तर ओलांडण्याचा वेळ आणखी सहा ते आठ सेकंदांनी वाढतो आणि तो मुख्य रस्त्याच्याच वाट्यातून कापावा लागतो. रुंदीकरणाने मिळालेल्या लाभाचा एक भाग अशा रीतीने चौकातच परत जातो.

याउलट, रस्त्याच्या मधोमध दुभाजकात दीड-दोन मीटर रुंदीचा सुरक्षित थांबा ठेवला, तर १४ मीटरचे अंतर सात-सात मीटरच्या दोन भागांत विभागले जाते. ज्याला एका दमात जाणे शक्य नाही, तो मध्ये थांबू शकतो. कोपऱ्यावरील पदपथ थोडा पुढे आणला तर ओलांडण्याचे अंतर आणखी घटते आणि वळणारी वाहने आपोआप सावकाश वळतात. या कामांना सिमेंट आणि रंग यांपलीकडे फारसा खर्च नाही. रस्त्याची वाट जितकी आखूड, तितका पादचाऱ्याला लागणारा वेळ कमी, आणि तितकाच वाहनांना मिळणारा वेळ अधिक. चौकाची रचना सुधारली तर दोघांचेही भले होते.

डावे वळण आणि उसाचा हंगाम

चौकात पादचाऱ्याला मोठा धोका असतो तो डाव्या वळणाचा. समोरचा दिवा हिरवा झाला की पादचारी पाऊल टाकतो आणि त्याच क्षणी त्याच दिशेने सुटलेले वाहन डावीकडे वळते. दोघांनाही वाटते की पाळी आपलीच. जेथे डावे वळण सदैव मोकळे ठेवले आहे तेथे तर पादचाऱ्याला हक्काचा असा एकही क्षण मिळत नाही. यावर एक सोपा उपाय पुष्कळ देशांत रूढ झाला आहे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वाहनांच्या दिव्यापूर्वी चार-पाच सेकंद आधी लावावा. तेवढ्यात पादचारी रस्त्याच्या मध्याकडे पोचतो, वळणाऱ्या चालकाच्या नजरेत येतो आणि चालकाला थांबणे भाग पडते. अतिशय गर्दीच्या चौकात सर्व वाहने थांबवून पादचाऱ्यांना चारही दिशांनी सोडण्याची पद्धतही आहे. टोकियोतील शिबुया चौक त्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु तिला वाहनांचा वीस-पंचवीस सेकंदांचा वेळ द्यावा लागतो. म्हणून ती सरसकट सर्व चौकांत वापरणे शहाणपणाचे नाही. शाळा सुटण्याच्या किंवा बाजाराच्या वेळेपुरती ती उपयोगी पडू शकेल.

कराडच्या परिसराला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा सहकारी साखर कारखाना आणि यशवंतनगरचा सह्याद्री सहकारी साखर कारखाना यांच्या गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरची लांबी १८ मीटर आणि चौकाची रुंदी २० मीटर धरली, तर त्याला पूर्णपणे बाहेर पडण्यासाठी ३८ मीटर जावे लागते. ताशी १० किलोमीटर वेगाने यासाठी जवळजवळ १४ सेकंद लागतात. पिवळा दिवा असतो दोन-तीन सेकंदांचा. म्हणजे हिरव्या दिव्याच्या अखेरीस शिरलेला ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूचा दिवा हिरवा झाला तरी चौकातच असतो. त्याच्या आडून एखादी दुचाकी पुढे झेपावते, आणि त्याच्या दोन ट्रॉल्यांमधून एखादा माणूस वाट काढू पाहतो. मोठ्या शहरासाठी बेतलेले वेळापत्रक कृषिप्रधान गावाला जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यासाठी. हंगामाचे चार-पाच महिने सर्व बाजूंना लाल दिवा ठेवण्याचा मधला काळ वाढविणे, आणि ट्रॉलीच्या मागील बाजूस परावर्तक पट्ट्या लावणे, ही दोन कामे एकमेकांना पूरक ठरतील.

गती कोणाची मोजावी?

वाहतुकीची कार्यक्षमता म्हणजे वाहनांची संख्या, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. एस. टी.ची एक बस पन्नास माणसे घेऊन येते. तितकीच माणसे मोटारींनी यायची म्हटली तर पंचवीस-तीस मोटारी लागतील. बसमधून उतरलेले पन्नास जण जेव्हा रस्ता ओलांडू लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी दिलेले वीस सेकंद वाया गेले असे म्हणता येणार नाही. चौकातून दर तासाला किती माणसे गेली, असा हिशेब केला तर पादचारी हा वाहतुकीतील अडथळा न राहता वाहतुकीचाच एक भाग ठरतो.

महाराष्ट्रातील शहरांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांविषयीचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. मुंबईत दादर परिसरातील पादचारी दिव्यांवर २०२० साली स्त्रीची आकृती झळकली. बदल लहान होता. परंतु रस्त्यावर चालणारी स्त्रीही आहे याची ती जाहीर नोंद होती. कराडमध्ये कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल २०२३ साली पाडून महामार्गाच्या सहापदरीकरणात नव्या उड्डाणपुलाचे काम हाती घेण्यात आले. लांबची वाहतूक पुलावरून गेली म्हणजे खालचा चौक गावाचा होतो. मात्र त्या मोकळ्या जागेत रिक्षा, हातगाड्या आणि उभ्या मोटारी यांचा वेढा पडू दिला, तर पादचाऱ्याची स्थिती पूर्वीसारखीच राहील.

कायदा आणि कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहतूक चिन्हांचे पालन करणे प्रत्येक चालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडून जाणे हे धोकादायक वाहन चालविण्याच्या व्याख्येत समाविष्ट करण्यात आले. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या अधिनियमाने त्यांना वापरता येतील असे रस्ते व वाहतूक सोयी देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. कायद्याची बाजू अशा रीतीने भक्कम आहे. उणीव राहते ती चौकात.

ही उणीव भरून काढण्यात प्रत्येकाचा वाटा आहे. नगरपरिषदेने पांढरे पट्टे पुसट होण्यापूर्वी रंगवावेत, पदपथ मोकळे ठेवावेत आणि बंद पडलेला दिवा तातडीने दुरुस्त करावा. कारण कधी चालू तर कधी बंद असणाऱ्या दिव्यावर कोणाचाच विश्वास राहत नाही. वाहतूक शाखेने सकाळी, दुपारी आणि रात्री चौकातील माणसे व वाहने मोजून त्यांप्रमाणे वेळापत्रक बदलावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही मोजणी म्हणजे घरच्या अंगणातील प्रयोगशाळा होईल. वाहनचालकाने थांबारेषेच्या मागे थांबावे. पट्ट्यांवर उभे केलेले वाहन पादचाऱ्याला पुन्हा रस्त्याच्या मध्यात ढकलते, हे त्याने ध्यानात घ्यावे. पादचाऱ्यानेही हिरव्या दिव्याचा शेवटचा सेकंद गाठण्यासाठी धावू नये आणि पट्टे सोडून मधूनच ओलांडू नये.

कराडने २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षांच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला. तो केवळ यंत्रांच्या बळावर मिळालेला नाही. ओला कचरा वेगळा आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय घराघरांतून लागली, म्हणून तो मिळाला. जे शहर घरातील कचऱ्याच्या बाबतीत शिस्त अंगी बाणवू शकते, त्याला चौकातील शिस्त अवघड नाही. वाहनचालकाचे चोवीस सेकंद आणि आजीचे चार सेकंद यांचा मेळ घालणे, एवढेच या कामाचे स्वरूप आहे. काठी टेकीत निघालेली ती आजी दिवा बदलण्यापूर्वी पलीकडच्या पदपथावर पोचली, आणि तिच्यासाठी थांबलेल्या बसमधील माणसेही वेळेवर आपल्या गावी पोचली, तर चौकातील दिवा आपले काम करीत आहे असे खुशाल समजावे.